अपवर्तनदोष (डोळ्यांचे)

डोळ्यात शिरलेले किरण दृष्टिपटलावर (डोळ्याच्या मागील पडद्यावर) नेमके एकवटले नाहीत, तर प्रतिमा अंधुक होते; हाच अपवर्तनदोष. बोलीभाषेत याला ‘नंबर लागणे’ म्हणतात. डोळ्याची शक्ती सुमारे ६० डायॉप्टर (भिंगाच्या शक्तीचे एकक) असून तीत पारपटलाचा (बुबुळावरील पारदर्शक पडद्याचा) वाटा सुमारे ४३ आहे. नेत्रगोलाची लांबी साधारण २४ मिमी. ती १ मिमीने वाढली, तरी २.५ ते ३ डायॉप्टर निकटदृष्टिता (दूरचे अंधुक दिसणे) येते. ती अंतर्गोल भिंगाने सुधारते.

दूरदृष्टितेला (जवळचे अंधुक दिसण्याला) बहिर्गोल भिंग लागते. मात्र तरुण डोळा स्नायूंचा ताण घेऊन हा दोष झाकतो. त्यामुळे जहाजावर नोकरीसाठी जाणारा तारवटी तक्त्यावर ६/६ (म्हणजे सामान्य दृष्टीइतके) वाचतो आणि तासभर वाचन केल्यावर त्याचे कपाळ दुखते. मुलांचा नंबर हे स्नायू सैल करणारे थेंब घालून काढतात तो याचसाठी.

दृष्टिवैषम्यात बहुधा पारपटलाची वक्रता सर्व दिशांना सारखी नसते. टॉमस यंग यांनी १८०१ मध्ये स्वतःच्या डोळ्यातील हा दोष वर्णिला. यावरील दंडगोल भिंगाचा (‘सिलिंडर’) अक्ष नेमका बसावा लागतो. तो १०° चुकला, तर सुमारे एक तृतीयांश परिणाम वाया जातो. ३०° चुकल्यास उरलेला दोष मुळाइतकाच राहतो. वाकडी झालेली चौकट हेच करते.

चाळिशी (हे वयाचे आणि चष्म्याचेही नाव) डोळ्यातील भिंगाची लवचीकता घटल्याने लागते. बाजारातील तयार चाळिशीत दोन्ही भिंगांची शक्ती सारखी असते आणि सिलिंडर नसतो. स्पर्शभिंगे (कॉन्टॅक्ट लेन्स) घालून समुद्रात किंवा विहिरीत उतरू नये. ॲकँथअमीबा या पाण्यातील सूक्ष्मजीवाचा संसर्ग पारपटल निकामी करू शकतो.

चष्मा इटलीत १२८६ च्या सुमारास निर्माण झाला, असे सामान्यतः मानतात. तो भारतात कसा आला, हे वादग्रस्त आहे. विजयनगरचे धर्मगुरू व्यासराय (निधन १५३९) पोथी वाचताना डोळ्यांवर काचगोल लावत, असा उल्लेख सोमनाथकृत ‘व्यासयोगिचरिता’त मिळतो. या उल्लेखाचा काळ १५२० च्या आसपासचा धरतात. पुण्याचे संशोधक प. कृ. गोडे यांनी हा पुरावा पुढे आणला व त्याचा संबंध पोर्तुगीजांशी जोडला. गोवा १५१० मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात आला आणि विजयनगरशी त्यांचा घोड्यांचा व्यापार होता, हे पाहता ही वाट संभाव्य वाटते. भारतात भिंगे स्वतंत्रपणे घडली, असाही पक्ष आहे. पण स्फटिक घासण्याची कला असणे आणि चष्मा असणे या दोन गोष्टी त्यात एकच धरल्या जातात.