ऑस्कर अ‍ॅक्टिंगला मिळतं की विषयाला? वाद बराच जुना आहे

ऑस्करचे निकाल लागले की दरवर्षी हा वाद हमखास निघतो, अमक्याला कामासाठी दिलं की विषय मोठा होता म्हणून. पण हे काही आजकालचं नाहीये.

1929 ला पहिल्यांदा ऑस्कर दिले तेव्हा एका रोलला एक अवॉर्ड असंही नव्हतं, जॅनेट गेनरला तीन पिक्चरमधल्या कामाचं मिळून एक दिलं आणि एमिल यानिंग्सला दोनचं. मग 1940 ला हॅटी मॅकडॅनियल जिंकली, ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय कलाकार, आणि त्याच रात्री तिला बाकीच्या टीमपासून वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. म्हणजे अवॉर्डनं समाज बदलला वगैरे म्हणायला जागाच नाही.

खरी बघण्यासारखी केस कृष्णवर्णीय हीरो सिडनी पॉइटिएची. 1964 ला त्याला बेस्ट अ‍ॅक्टर मिळालं, अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या समान हक्कांची सिव्हिल राइट्स चळवळ जोरात होती, त्यामुळे काळाला धरून दिलं असं म्हणणारे आजही भेटतात. पण पुढचं बघा ना. 1967 ला त्याचे तीन पिक्चर जोरात चालले आणि त्यातल्या 'इन द हीट ऑफ द नाइट'मध्ये तो सीन आहे, गोरा जमीनदार कृष्णवर्णीय डिटेक्टिव्हच्या थोबाडीत मारतो आणि पॉइटिए क्षणाचाही विचार न करता तशीच परत लगावतो. तेव्हाच्या अमेरिकेत ही केवढी मोठी गोष्ट! बरं, त्या पिक्चर्सचा ऑस्कर सोहळा 1968 ला होता आणि मार्टिन ल्यूथर किंगच्या हत्येमुळे तो दोन दिवस पुढे ढकलावा लागला होता. सामाजिक महत्त्वावरच अवॉर्ड मिळत असतं तर त्या वर्षी त्याला मिळायला हवं होतं, पण त्याला साधं नॉमिनेशनही नाही, बेस्ट अ‍ॅक्टर त्याच पिक्चरमधल्या रॉड स्टायगरला. स्टायगरचं काम उत्तमच आहे, पण मला हे अजूनही खटकतं.

आणि विषय सोडून इतरही गोष्टी मध्ये येतातच. 1961 ला एलिझाबेथ टेलर जिंकली तेव्हा ती जिवावरच्या आजारातून उठली होती, त्या सहानुभूतीचा जिंकण्यात वाटा होता असं ती स्वतःच म्हणायची. डेन्झेल वॉशिंग्टनचा 'माल्कम एक्स', म्हणजे त्या नावाच्या कृष्णवर्णीय नेत्याचा रोल, हरला तो अल पचिनोकडून, जो आधी कितीतरी वेळा नॉमिनेट होऊन रिकाम्या हाती परतला होता, आणि डेन्झेलला बेस्ट अ‍ॅक्टर मिळालं 2002 ला, एका भ्रष्ट पोलिसाच्या रोलसाठी.

याचं मूळ मला तरी मतदानाच्या पद्धतीत दिसतं. अ‍ॅक्टिंगची नॉमिनेशन्स फक्त अ‍ॅक्टर लोक ठरवतात, पण फायनलला एडिटर, साउंडवाले, कॉस्च्युमवाले सगळेच मत देतात. पाचही कामं चांगली असली की त्यातलं बारीक डावं-उजवं सगळ्यांना कुठून कळणार, मग त्या कामामागची गोष्ट, कॅम्पेन, काळ हे सगळं मतात उतरतं. त्यामुळे विषयामुळे वाईट कामाला ऑस्कर मिळतं हे मला पटत नाही, फार तर पाच चांगल्यांमधून कोण हे त्यानं ठरतं.

2015 आणि 2016 ला सलग दोन वर्षं अ‍ॅक्टिंगचे वीसच्या वीस नॉमिनी गोरे होते, त्यावर प्रचंड टीका झाली आणि ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीनं मेंबर वाढवले. 2023 ला मलेशियाची मिशेल यो जिंकली तेव्हा लगेच "कोटा" म्हणणारे आले. पण पुढच्याच वर्षी लिली ग्लॅडस्टोन, बेस्ट अ‍ॅक्ट्रेसला नॉमिनेट झालेली पहिली नेटिव्ह अमेरिकन, आता इतिहास घडणार अशी हवा होती, आणि मतं गेली एमा स्टोनला.