विमानातली घरघर आणि कमी पैशातले हेडफोन

नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घेऊन पहिल्यांदा विमानात बसलेल्या माणसाची तक्रार बहुतेक वेळा ठरलेली असते. ‘इंजिनाचा आवाज गेला, पण मागच्या रांगेत रडणारं बाळ आता जास्तच स्पष्ट ऐकू येतंय.’ हेडफोन बिघडलेले नसतात. ज्या कामासाठी ते बनले आहेत ते काम त्यांनी चोख केलेलं असतं आणि बाळाचं रडणं त्या कामात मुळातच फारसं बसत नाही. असं का होतं हे एकदा नीट कळलं, की बेताच्या पैशात चांगले हेडफोन निवडणं बरंच सोपं होतं. कशाचे पैसे मोजायचे आणि कशाचे नाही, याची निम्मी उत्तरं भौतिकशास्त्रच देऊन टाकतं.

आधी विमानातल्या आवाजाकडे बघू. उंचीवर एकसारख्या वेगाने उडणाऱ्या जेट विमानाच्या केबिनमध्ये साधारण ८० ते ८५ डेसिबेल आवाज असतो. त्यात इंजिनं आली, एसीच्या हवेची सळसळ आली, पण मोठा वाटा असतो तो बाहेरच्या हवेचा. ताशी आठ-नऊशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाच्या पत्र्याला घासत हवा खवळून मागे जाते आणि तो पत्रा सतत थरथरत राहतो. या सगळ्या गोंगाटाची बहुतेक ऊर्जा खालच्या वारंवारतांमध्ये, काही शे हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाची कंपनं) आत, एकवटलेली असते. पंख्याच्या विमानात तर ते आकड्यांत मांडून दाखवता येतं. एटीआर ७२ जातीच्या नव्या विमानांच्या प्रोपेलरला सहा पाती असतात. मिनिटाला हजार फेरे धरले, तर दर सेकंदाला शंभर वेळा एक पातं केबिनच्या भिंतीजवळून जातं. म्हणजे १०० हर्ट्झचा एकसुरी घुमारा, जो कानांइतकाच छातीतही जाणवतो.

असा खालच्या पट्टीतला, न थांबणारा, फारसा न बदलणारा आवाज म्हणजे नॉइज कॅन्सलिंगला सगळ्यात सोपा पडणारा आवाज.

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातले चढउतार. हेडफोनवरचा छोटा माइक हे चढउतार टिपतो, आतली चिप त्याची उलटी प्रत तयार करते आणि स्पीकर ती कानापाशी वाजवतो. बाहेरच्या लाटेत जिथे दाब वाढतो तिथे आतली लाट तो कमी करते आणि दोन्ही मिळून कानाच्या पडद्यापर्यंत फार थोडं पोचतं. कल्पना बरीच जुनी आहे. पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाने १९३३ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३६ मध्ये त्याला अमेरिकी पेटंट मिळालं. ती हेडफोनमध्ये घराघरांत पोचायला मात्र इलेक्ट्रॉनिक्सला पुढची कित्येक दशकं लागली. एमआयटीतले प्राध्यापक अमर बोस १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला जात होते. विमानात दिलेल्या हेडफोनमधलं संगीत त्यांना केबिनच्या आवाजामुळे धड ऐकू येईना, तेव्हा त्यांनी त्याच प्रवासात यामागचं गणित मांडायला घेतलं. १९८६ मध्ये कुठेही न थांबता, वाटेत इंधन न घेता पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या व्हॉयेजर विमानाच्या दोघा वैमानिकांनी त्या संशोधनातून आलेले नमुना हेडसेट वापरले. बोस यांच्या कंपनीचे सामान्य प्रवाशांसाठीचे हेडफोन २००० साली आले. कल्पना जुनी असली, तरी हे हेडफोन विमानातच सुचले आणि आधी वैमानिकांसाठी घडले, म्हणून विमानातल्या घरघरीशी त्यांचं इतकं छान जमतं.

मग बाळाचं रडणं का सुटतं? इथे जरा हिशेब करू, कारण सगळी गंमत याच हिशेबात आहे.

उलटी लाट अगदी वेळेवर वाजली पाहिजे. आवाज २० डेसिबेलने खाली आणायचा, म्हणजे लाटेची उंची दहाव्या हिश्शावर आणायची, तर चूक एका आवर्तनाच्या साठाव्या भागाहून जास्त चालत नाही. १०० हर्ट्झच्या आवाजाचं एक आवर्तन १० मिलिसेकंदांचं. त्याचा साठावा भाग १६० मायक्रोसेकंदांच्या वर जातो आणि तेवढ्या वेळात ध्वनी हवेत साडेपाच सेंटिमीटरहून थोडा जास्त जातो. एवढी सूट भरपूर झाली. हेडफोनच्या बाहेरच्या माइकपासून आतल्या स्पीकरपर्यंतचं अंतरही दोन-तीन सेंटिमीटरच असतं. आता ४००० हर्ट्झ घ्या. आवर्तन पाव मिलिसेकंदाचं, साठावा भाग जेमतेम ४ मायक्रोसेकंदांचा आणि तेवढ्या वेळात ध्वनी जातो दीड मिलिमीटरहूनही कमी. तुम्ही मान वळवली, जांभई दिली, हेडफोन केसावर किंचित सरकला, की हिशेब चुकला. चूक आवर्तनाच्या सहाव्या भागापलीकडे गेली, तर उलटी लाट आवाज कमी करायच्या ऐवजी वाढवायलाच लागते. त्यामुळे साधारण हजार हर्ट्झच्या आसपास पोचेपर्यंत बनवणारे स्वतःच हे काम आवरतं घेतात.

त्यापुढचं काम कानाभोवतीची गादी आणि तिचं कवच करतं. उंच पट्टीतल्या आवाजाची तरंगलांबी लहान असते, त्याला फोम आणि प्लॅस्टिक बऱ्यापैकी अडवतात. १०० हर्ट्झची लाट साडेतीन मीटर लांब, तिच्यापुढे इतक्या पातळ गादीचं फारसं काही चालत नाही. खालचे आवाज इलेक्ट्रॉनिक्सने मारायचे, वरचे गादीने, अशी ही वाटणी आहे. बाळाच्या रडण्याचा मूळ सूर चार-पाचशे हर्ट्झच्या आसपास असतो आणि त्याचे उपस्वर दोन-चार हजार हर्ट्झपर्यंत चढतात. नेमका तिथेच आपला कान सगळ्यात तिखट असतो. म्हणजे रडणं सुरू होतं तिथे चिपचा जोर ओसरू लागलेला असतो आणि बाकी सारी भिस्त गादीवर येते.

ते जास्त स्पष्ट का वाटतं, याचं कारण कानाच्या आत आहे. अंतर्कर्णातल्या शंखाकृती नळीत उंच सुरांची जागा दाराशी असते आणि खालच्या सुरांची अगदी आत, टोकाशी. खालच्या सुराच्या लाटेला आत जाताना उंच सुरांच्या जागेवरून जावं लागतं आणि जाता जाता ती तिथेही खळबळ करते. म्हणून मोठी घरघर चालू असली की वरच्या पट्टीतले आवाज त्यात बुडून जातात. हेडफोनने घरघर काढून टाकली, की बुडालेलं सगळं वर येतं: बाळ, शेजाऱ्यांच्या गप्पा, ट्रॉलीची खडखड.

आता खरेदीकडे येऊ. १०० ते ३०० हर्ट्झची घरघर दाबणं आजच्या साध्या चिपलाही जमतं. महाग हेडफोन मधल्या पट्टीत, म्हणजे माणसांच्या बोलण्यात, बरीच जास्त घट करतात, कानाच्या आकाराप्रमाणे स्वतःला जुळवून घेतात आणि त्यांची स्वतःची सूं सूं कमी असते. हे फरक खरे आहेत. पण फक्त विमानासाठी घेत असाल, तर सगळ्यात मोठा त्रास मध्यम किमतीतलं यंत्रही घालवतं, आणि पुढचा प्रश्न चिपपेक्षा बसणीचा जास्त असतो. माझं ठाम मत आहे की पैसे मोजके असतील तर आधी गादी बघावी, मग बाकी सगळं.

खालच्या पट्टीतला आवाज बारीकशा फटीतूनही आत शिरतो. चष्म्याची काडी गादीखालून जाते तिथे नेमकी अशी फट तयार होते, जाड वेणीने किंवा मोठ्या कानातल्यांनीही होते. एक चाचणी दुकानात मिनिटभरात होते. ज्यात ढोलासारखा खोल ठेका आहे असं काहीतरी लावा, नेहमीचा चष्मा डोळ्यांवर ठेवा आणि दोन्ही हातांनी हेडफोन हलकेच कानांवर दाबा. दाबल्यावर ठेका एकदम भरीव झाला, तर गादी नीट बसत नाहीये आणि विमानातही ती फट तुम्हाला नडणार. मग कागदावरचे आकडे कितीही चांगले असोत, तो जोड सोडून द्या. मऊ, जाड गादी चष्म्याच्या काडीभोवती बसते, टणक गादी तिच्यावर टेकून उचलली जाते. गादी वेगळी विकत मिळते का, हेही विचारून घ्या. घामाने आणि वापराने तिचं वरचं आवरण फाटतंच, आणि तेव्हा अख्खा हेडफोन टाकून द्यावा लागू नये.

कानात घालायच्या इअरबड्सनाही हेच लागू. रबरी टोप्यांचे निरनिराळे आकार सोबत येतात ते आळस न करता सगळे घालून बघावेत. दोन कानांना दोन वेगळे आकार लागू शकतात. फोमच्या टोप्या मिळाल्या तर फारच छान, त्या कानात फुगून भोक पूर्ण भरतात. टोपीशिवायचे, कानाच्या तोंडाशी नुसते टेकणारे इअरबड्स नॉइज कॅन्सलिंगसह मिळतात खरे, पण विमानासाठी मी ते कुणालाही सुचवणार नाही. कान उघडाच राहतो, मग बिचारी चिप काय काय सांभाळणार? चष्मा लावणाऱ्यांना घट्ट बसणारे इअरबड्स मोठ्या हेडफोनपेक्षा कमी पैशात चांगला निकाल देऊ शकतात.

खोक्यावरची भाषा मात्र सावधपणे वाचावी लागते. ‘ईएनसी’ असं लिहिलेलं दिसलं की ते नॉइज कॅन्सलिंगच आहे असं समजून अनेक जण घेऊन टाकतात. ती सोय फोनवर बोलताना तुमच्या माइकमधून जाणारा गोंगाट गाळते. फायदा पलीकडच्या माणसाला होतो, तुमच्या कानांना काहीच नाही. तुम्हाला हवं ते ‘एएनसी’, म्हणजे ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलिंग. स्वस्त मालात ही दोन नावं इतकी जवळजवळ छापलेली असतात की ग्राहकाची फसगत व्हावी, आणि याचा मला खरोखर राग येतो. दुसरा शब्द ‘पर्यंत’. ‘४५ डेसिबेलपर्यंत घट’ याचा अर्थ कुठल्या तरी एका सोयीच्या वारंवारतेवर, प्रयोगशाळेत, तेवढी घट मिळाली. तिच्या आजूबाजूला ती कितीतरी कमी असू शकते. कुणी तटस्थपणे मोजून वारंवारतेप्रमाणे आलेख दिला असेल, तर त्यातला ५० ते ५०० हर्ट्झचा तुकडा बघा. तिथे सरसकट २० डेसिबेलच्या आसपास घट दिसली, तर विमानासाठी ते उत्तम काम आहे, कारण २० डेसिबेल म्हणजे आवाजाची ऊर्जा शंभराव्या हिश्शावर.

हा सगळा खटाटोप चैनीचा नाही, हे मला आवर्जून सांगायचं आहे. ८० डेसिबेलच्या वरच्या घरघरीत साधे इअरफोन लावले, की गाणं ऐकू येण्यासाठी हात आपोआप आवाज वाढवतो आणि तो सहज ९० च्या पुढे जातो. कामाच्या जागी ऐकण्याची सुरक्षित मर्यादा ८५ डेसिबेलला ८ तास धरतात आणि दर ३ डेसिबेलला वेळ निम्मा करतात. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास. लांब पल्ल्याचा एक प्रवास ही मर्यादा आरामात ओलांडतो. अंतर्कर्णातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. घरघर कमी झाली की तेच गाणं कितीतरी हळू आवाजात पुरतं.

संगीत ऐकायचंच नाही, नुसती झोप हवी आहे, असं असेल तर आधी फोमचे इअरप्लग वापरून बघा. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, प्लग खोल सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. नीट बसले तर ते खालचे-वरचे सगळेच आवाज अडवतात. त्यांच्यावरून साधारण प्रतीचा नॉइज कॅन्सलिंग हेडफोन चढवला, तर बाळाचं रडणंही बरंच मागे सरतं. कमी पैशातली याहून चांगली जोडी माझ्या तरी माहितीत नाही.

काहींना नॉइज कॅन्सलिंग सुरू करताच कानात दडा बसल्यासारखं वाटतं. दाब खरा बदललेला नसतो, खालचे आवाज अचानक गेल्याने तसा भास होतो. पण तो भास काहींना सोसवत नाही, म्हणून परत करता येईल अशाच ठिकाणाहून घ्यावं. जेट विमानात पंखांच्या पुढची जागा मागच्या जागेपेक्षा शांत असते, प्रोपेलरच्या रेषेतल्या रांगा सगळ्यात गोंगाटाच्या. आणि डोक्यावरच्या एसीचा झोत थेट हेडफोनवर येत असेल तर तो वळवा. बाहेरच्या माइकवर वारा आदळला की आत फरफर ऐकू येते आणि लोक उगाच हेडफोनला दोष देतात.

राहता राहिली वायर. सीटसमोरच्या पडद्याला ब्लूटूथ असेलच असं नाही, तिथे बहुधा ३.५ मिलिमीटरचं भोक असतं, जुन्या विमानांत दोन पिनांचं. म्हणून वायर लावता येणारा हेडफोन घ्यावा आणि वायर लावल्यावर नॉइज कॅन्सलिंग चालू राहतं की बंद पडतं, हे घेण्याआधी पाहावं, कारण काही मॉडेलांत ते बंद पडतं. चार्जिंग चालू असताना काही हेडफोन वाजतच नाहीत, त्यामुळे बॅटरी प्रवासाच्या तासांपेक्षा दोन-चार तास जास्त टिकणारी हवी. सोबत पॉवर बँक असेल तर ती चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते.