पार्श्वभूमी : जप्त गलबते, गुलामांचा मक्ता आणि 95 हजार पौंड

1739 मध्ये ब्रिटन आणि स्पेनमध्ये पेटलेल्या युद्धाचे नाव काढले की स्पॅनिश गस्तीवाल्यांनी जेंकिन्स या ब्रिटिश कप्तानाचा कान कापल्याची गोष्ट निघते. ती बहुतेकांना ठाऊक आहे. पण दोन्ही दरबारांतले पत्रव्यवहार भरून गेले होते ते जप्त गलबतांच्या दाव्यांनी आणि गुलामांवरच्या जकातीच्या थकबाकीने. मुळात वेगळी असलेली ही दोन प्रकरणे एकमेकांत अडकली आणि तडजोड फसली.

असे दावे त्याआधीही होत होते. 1568 मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यावर इंग्रज गुलामव्यापाऱ्यांचा तांडा लुटला गेला, तेव्हा त्यांनी लंडनच्या नाविक न्यायालयात नुकसानीची यादी दिली. जहाजातले आफ्रिकी लोक त्या यादीत मालाप्रमाणे किंमत लावून मांडलेले होते. पुढे 1672 च्या सनदेने रॉयल आफ्रिकन कंपनी या इंग्रज कंपनीला आफ्रिकेच्या किनाऱ्यावर परवान्याविना व्यापार करणाऱ्यांची गलबते जप्त करण्याचा हक्क मिळाला. केवळ राजाच्या सनदेवर प्रजेची मालमत्ता अशी हिरावून घेता येत नाही, असा निकाल 1689 मध्ये लागला.

खरा गुंता 1713 पासूनचा. स्पेनच्या अमेरिकी वसाहतींना गुलाम पुरवण्याचा मक्ता 30 वर्षांसाठी साउथ सी कंपनी या दुसऱ्या, ब्रिटिश कंपनीला मिळाला (पुढे ‘कंपनी’ म्हणजे हीच). वर्षाला 4,800 ‘पिएसा’ न्यायचे होते. पिएसा म्हणजे एक माणूस नव्हे. धडधाकट, ठरलेल्या उंचीचा प्रौढ म्हणजे एक पिएसा, तर मुले आणि वृद्ध त्याचे अपूर्णांक. जकात याच मापावर, एका पिएसामागे 33⅓ पेसो (स्पेनचे चांदीचे नाणे). शिवाय नफ्यात स्पेनच्या राजाची चौथाई पाती होती. दोन्ही देशांत युद्ध झाले तर कंपनीला माल हलवण्यासाठी दीड वर्षाची मुदत मिळेल, असेही कलम होते. 1718 मध्ये युद्ध होताच हे कलम बाजूला पडले, कंपनीचा माल जप्त झाला. 1727 मध्ये पुन्हा तेच घडले, तेव्हा तर मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझच्या बंदरात कंपनीचे वार्षिक जहाजच, म्हणजे वसाहतींत माल विकायला वर्षाला एक पाठवायची परवानगी असलेले जहाज, अडकवले गेले.

दुसरीकडे कॅरिबियन समुद्रात स्पेनच्या गस्ती नौका खासगी ब्रिटिश गलबते पकडत होत्या. या नौकांची कमाई पकडलेल्या मालावर होती आणि गलबत दोषी की निर्दोष हे स्थानिक गव्हर्नरच ठरवत. गलबतावर स्पेनची चांदीची नाणी, कोको किंवा रंगाचे लाकूड सापडणे हाच चोरट्या व्यापाराचा पुरावा धरला जाई. माद्रिदहून गलबत परत करण्याची फर्माने निघत, पण हवानात किंवा पोर्तो रिकोत ती पाळली जातीलच असे नव्हते. तरीही ब्रिटिशांची बाजू धुतल्या तांदळासारखी नव्हती. ब्रिटिशांच्या जमैकाहून पोर्तोबेलो, कार्ताहेना या स्पॅनिश बंदरांकडे गुलाम नेणाऱ्या गलबतांतून कापड आणि इतर माल सर्रास चोरून उतरवला जाई. झडतीला विरोध करताना ब्रिटिश मंत्र्याने 1667 च्या तहाचा आधार घेतला, तेव्हा अमेरिकेला लागू असलेला तह 1670 चा आहे, हे स्पेनने दाखवून दिले.

ब्रिटन आणि स्पेनमधला 14 जानेवारी 1739 चा पार्दोचा करार या सगळ्यावरचा तोडगा होता. त्यातली आकडेमोड नीट पाहायला हवी. ब्रिटिश व्यापाऱ्यांचे दावे सुमारे 3,43,000 पौंडांचे होते, ते 2 लाखांवर आणले गेले. 1718 मध्ये सिसिलीजवळ ब्रिटिश आरमाराने बुडवलेल्या आणि पकडलेल्या स्पॅनिश जहाजांपोटी त्यातून 60 हजार वजा झाले. रोख आणि लवकर भरण्याच्या बदल्यात आणखी 45 हजारांची सूट दिली गेली. उरले 95 हजार. ते स्पेनने मंजुरीनंतर चार महिन्यांत लंडनमध्ये भरायचे होते.

या करारासोबतच स्पेनच्या राजाने वेगळे निवेदन जोडले होते : कंपनीने थकीत जकातीचे आणि नफ्यातल्या वाट्याचे 68 हजार पौंड भरावेत, नाहीतर मक्ता स्थगित करण्याचा हक्क आपण राखून ठेवतो. जकातीतला वाद पेसोच्या दराचा होता. कंपनी 42 पेन्सने भरत होती, स्पेनला 52 पेन्सचा दर हवा होता. कंपनीने आधी आपल्या जप्त मालाची भरपाई मागितली आणि 68 हजार भरायला नकार दिला. स्पेनचा राजा भागीदार असूनही तिने त्याला आपल्या वह्या मनासारख्या तपासू दिल्या नव्हत्या. माझ्या मते करार मोडण्यात गस्ती नौकांपेक्षा या हट्टाचा वाटा मोठा आहे, आणि लोकप्रिय इतिहासात तो फार थोडा सांगितला जातो. ज्यांच्या डोक्यामागे पेन्समध्ये घासाघीस चालली होती, ती माणसे या व्यवहारात दावेदार म्हणून कुठेच येत नाहीत. आली ती फक्त जकातीचे माप म्हणून.

मुदत उलटली, 95 हजार आले नाहीत, मक्ता स्थगित झाला आणि ऑक्टोबरमध्ये युद्ध जाहीर झाले. 1748 च्या तहाने कंपनीला मक्त्याची बुडालेली चार वर्षे परत दिली. पण ज्या झडतीच्या हक्कावरून एवढे रान उठले होते, त्याबद्दल त्या तहात अवाक्षर नव्हते. 5 ऑक्टोबर 1750 रोजी माद्रिदमध्ये कंपनीने 1 लाख पौंड घेऊन मक्ता आणि आपले सगळे दावे सोडून दिले.