पाटील, प्रतिभा देवीसिंह
(१९ डिसेंबर १९३४– ). भारताच्या पहिल्या महिला राष्ट्रपती. जन्म जळगाव जिल्ह्यातील नाडगाव (आता बोदवड तालुका) येथे. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयातून राज्यशास्त्र व अर्थशास्त्र घेऊन एम.ए., मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयातून कायद्याची पदवी. नंतर जळगावच्या जिल्हा न्यायालयात वकिली. महाविद्यालयात त्या टेबल टेनिस उत्तम खेळत. १९६५ मध्ये देवीसिंह शेखावत यांच्याशी विवाह.

१९६२ मध्ये जळगाव मतदारसंघातून त्या विधानसभेवर गेल्या, तेव्हा त्यांचे वय २७ होते. १९६७ पासून १९८५ पर्यंत तापी-पूर्णेच्या खोऱ्यातील एदलाबाद (आताचे मुक्ताईनगर) मतदारसंघाने त्यांना सलग निवडून दिले. या काळात त्यांनी उपमंत्री व मंत्री म्हणून आरोग्य, दारूबंदी, समाजकल्याण, शिक्षण, गृहनिर्माण अशी खाती सांभाळली. शरद पवारांचे पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीचे सरकार असताना १९७९-८० मध्ये त्या विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. चरित्रपर लेखनात या पर्वाची दोन ओळींत बोळवण होते; त्यांची खरी संसदीय घडण मात्र इथलीच.

१९८५ मध्ये त्या राज्यसभेवर गेल्या आणि १८ नोव्हेंबर १९८६ रोजी उपसभापती झाल्या. या पदावर त्या पहिल्या महिला नव्हेत. त्यांच्याआधी व्हायलेट अल्वा व नजमा हेपतुल्ला होत्या. उपराष्ट्रपती रा. वेंकटरामन राष्ट्रपती झाल्याने २५ जुलै १९८७ पासून उपराष्ट्रपतिपद रिकामे झाले आणि २ सप्टेंबरपर्यंत सभागृहाची सूत्रे पाटील यांच्याकडे राहिली. काही परिचयांत या सुमारे चाळीस दिवसांसाठी त्यांना ‘सभापती’ म्हटले आहे. उपराष्ट्रपती हे राज्यसभेचे पदसिद्ध सभापती असतात (अनुच्छेद ६४), आणि ते पद रिकामे असताना उपसभापती केवळ त्याची कर्तव्ये पार पाडतात (अनुच्छेद ९१). पद आणि पदाची कर्तव्ये यांत संविधानानेच फरक केला असल्याने ‘कार्यवाहक सभापती’ हा उल्लेख अधिक ग्राह्य वाटतो. नोव्हेंबर १९८८ मध्ये त्या उपसभापतिपदावरून दूर झाल्या. पुढे १९९१ ते १९९६ लोकसभेत अमरावतीचे प्रतिनिधित्व.

नोव्हेंबर २००४ मध्ये त्या राजस्थानच्या पहिल्या महिला राज्यपाल झाल्या. तेथील धर्मांतरविषयक विधेयक त्यांनी २००६ मध्ये सही न करता परत पाठवले. जुलै २००७ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत त्यांना ६,३८,११६ मतमूल्य मिळाले, तर प्रतिस्पर्धी, तत्कालीन उपराष्ट्रपती भैरोसिंह शेखावत यांना ३,३१,३०६. शिवसेनेने मराठी उमेदवार म्हणून भाजपबरोबरची आघाडी बाजूला ठेवून पाटील यांना पाठिंबा दिला.

राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात, त्यामुळे परराष्ट्र धोरणात त्यांचा वैयक्तिक वाटा किती, हे ठरवताना सावधगिरी हवी. तरीही राष्ट्रप्रमुख म्हणून त्यांचे दौरे नोंद घ्यावेत असे आहेत. एप्रिल २००८ मध्ये ब्राझील, मेक्सिको व चिली. ऑक्टोबर २००९ मध्ये ब्रिटन, जिथे राणी एलिझाबेथ यांनी राष्ट्रकुल स्पर्धेचे बॅटन त्यांच्या हाती दिले. मे २०१० मध्ये चीनमधील लुओयांगच्या श्वेताश्व विहाराच्या आवारात भारतीय शैलीतील बौद्ध मंदिराचे उद्‌घाटन त्यांनी केले. २५ नोव्हेंबर २००९ रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, जी-सूट (लढाऊ वैमानिकांचा खास पोशाख) घालून त्या पुण्याच्या लोहगाव हवाई तळावरून सुखोई-३० या लढाऊ विमानातून सुमारे अर्धा तास उडाल्या. २५ जुलै २०१२ रोजी कार्यकाळ संपला.

संस्थात्मक कामांत श्रम साधना ट्रस्ट प्रमुख आहे. नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृहे आणि गिरणाकाठच्या बांभोरी येथील अभियांत्रिकी महाविद्यालय याच ट्रस्टची.