पाकातला पेरू अख्खा कसा राहतो?

थंडी पडली की इंदूरच्या गल्ल्यांतून पेरूचे ठेले फिरायला लागतात. इथे पेरूला सगळे जामच म्हणतात, पण लेखभर तसं म्हटलं तर बाटलीतल्या जॅमशी घोळ होईल, म्हणून पेरूच म्हणू या. चोइथराम मंडीतून पिशवीभर आणले तर खाऊन, कोशिंबिरी करून, शेजारी वाटूनही काही उरतातच, आणि उरलेले सगळे एकदम पिकायला बसतात. त्यांच्यासाठी मुरंब्याचा घाट कोण घालणार? त्यापेक्षा कॉम्पोट बरं. हा मूळचा फ्रेंच प्रकार: फळाच्या फोडी पातळ पाकात थोडा वेळ शिजवायच्या आणि चार-पाच दिवसांत संपवायच्या. कृती एवढीच, तरी एका घरी फोडी काचेसारख्या अख्ख्या राहतात आणि दुसऱ्या घरी त्यांचा लगदा होतो. बहुतेक वेळा दोष पेरूचा नसतो. साखर पातेल्यात केव्हा पडली, त्यावर सगळं ठरतं.

आधी माप सांगते. अर्धा किलो पेरू, पाव लिटर पाणी, सव्वाशे ग्रॅम साखर, अर्ध्या लिंबाचा रस, दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा. पेरू साल पिवळी पडू लागलेले, पण दाबल्यावर बोट न रुतणारे घ्यावेत. मधला बियांचा गर चमच्याने खरवडून बाजूला ठेवा, टाकू नका. बाहेरच्या गरातही जिभेला जो रवाळपणा लागतो, तो दगडी पेशींचा. त्यांच्या भिंतींत लिग्निन असतं, लाकडात असतं तेच. ते घरच्या आचेला दाद देत नाही, तेव्हा रवाळपणा जाईपर्यंत शिजवत बसण्यात अर्थ नाही.

बाकीचा गर मऊ होतो तो पेक्टिनमुळे. फळाच्या पेशी एकमेकींना धरून असतात त्या या पदार्थाच्या आधाराने. आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२५ मध्ये त्याचं वर्णन करून त्याला नाव दिलं. पेरूत ते भरपूर असतं, म्हणून तर पेरूची जेली बाहेरून काही न घालता जमते.

आता पातेल्यात बघा. फोडी टाकल्या की आधी तरंगतात आणि पांढुरक्या दिसतात, कारण पेशींच्या मधल्या फटींत हवा असते. पाक ६० अंशांच्या आसपास पोचला की पेशींची नाजूक आवरणं निकामी होतात, आतला रस बाहेर येतो, हवा निघून जाते आणि तिच्या जागी पाक शिरतो. फोडी जड होऊन खाली बसू लागतात आणि कडेने आरपार दिसायला लागतात. आच आणखी वाढली, ८०-८५ अंशांच्या पुढे गेली, की पेक्टिन तुटून पाण्यात विरघळायला लागतं. फोड विस्कटते ती इथे.

साखरेचं काम इथेच आहे. साखर पाण्याला स्वतःशी बांधून ठेवते. पेक्टिन विरघळायला मोकळं पाणी लागतं, ते कमी मिळालं की विरघळणं मंदावतं. म्हणून फोडी अख्ख्या हव्या असतील तर साखर आधी पाण्यात पूर्ण विरघळवायची, पाकाला एक उकळी आणायची आणि मग पेरू टाकायचा. लगदाच हवा असेल, पोळीला लावायला किंवा लहान मुलाला भरवायला, तर उलट करा: नुसत्या पाण्यात पेरू मऊ शिजवा आणि साखर शेवटी घाला. जिन्नस तेच, फक्त क्रम बदलला.

मग पाक घट्टच का करू नये? कारण घट्ट पाक फोडीतलं पाणी झपाट्याने ओढून घेतो, आणि साखर आत शिरायला मात्र वेळ लावते. फोड आक्रसते, चामट होते. मोरावळ्याचे आवळे टोचायचे, वाफवायचे आणि पाक हळूहळू मुरू द्यायचा, ही सगळी खटपट त्यासाठीच असते. कॉम्पोटचा पाक पातळ असल्यामुळे दहा-बारा मिनिटांत काम होतं. आच मंद ठेवा. खळखळून उकळलं तर फोडी एकमेकींवर आपटूनच तुटतात.

लिंबू चवीपुरतं नसतं. पेक्टिन किंचित आंबट पाण्यात सगळ्यात टिकाऊ असतं. चिंचेच्या कोळात कच्चा बटाटा टाकला तर तो काही केल्या शिजत नाही, हे कोणत्याही स्वयंपाकघरात ठाऊक असतं, त्यामागे हेच कारण. सोडा घातला तर याच्या उलट, सगळं भसाभस विरतं. तेव्हा पेरू जास्त पिकलेला असेल तर लिंबू सुरुवातीलाच पिळा, करकरीत असेल तर उतरवताना. चिरलेल्या फोडी काळ्या पडू नयेत म्हणून लावलेला रसही याच हिशेबात धरा.

फार पिकलेल्या फळासाठी आणखी एक युक्ती आहे, आणि मला ती सगळ्यात आवडते. ५५ ते ६५ अंशांच्या दरम्यान, म्हणजे वाफ दिसते पण बुडबुडे नाहीत अशा पाकात, बऱ्याच फळांतलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, जोरात कामाला लागतं. ते पेक्टिनच्या साखळीत मोकळ्या जागा करतं, फळातलं कॅल्शियम तिथे बसतं आणि शेजारच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात. पंधरा-वीस मिनिटं असं ठेवून मग आच वाढवली तर फोड सहसा फुटत नाही. आग्र्याच्या पेठ्यासाठी कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या पाण्यात ठेवतात, तिथेही कॅल्शियमचाच खेळ आहे. घरी बोरिंगचं पाणी जड असेल तर तेही थोडी मदत करतं. एरवी मी त्याला नावंच ठेवते.

बाजूला ठेवलेला बियांचा गर थोड्या पाण्यात उकळून गाळणीतून घासून घ्या आणि पाकात मिसळा. त्यातल्या पेक्टिनने पाकाला अंग येतं, जास्तीची साखर लागत नाही. गुलाबी पेरू असेल तर मात्र पाक स्ट्रॉबेरीसारखा रंगेल अशी आशा धरू नका. स्ट्रॉबेरीचा रंग पाण्यात उतरतो. पेरूचा गुलाबी रंग लायकोपीनचा, टोमॅटोतलाच, आणि ते पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे रंग फोडीतच राहतो. क जीवनसत्त्वाचं उलट आहे. १०० ग्रॅम पेरूत ते २०० मिलिग्रॅमच्या वर असतं, संत्र्याच्या कितीतरी पट. शिजवताना काही नष्ट होतं आणि उरलेल्यातलं बरंचसं पाकात उतरतं. म्हणून पाक ओतून देऊ नये.

वरच्या मापाने केलं तर फळाची स्वतःची साखर धरून शेवटी सगळं मिळून जेमतेम पाचवा हिस्सा साखर असते. जॅममध्ये ती ६५ टक्क्यांच्या आसपास असते, इतकी की जंतूंना वापरायला पाणीच उरत नाही. आपल्या कॉम्पोटला हे संरक्षण नाही. थंडी कितीही असो, ते गार झाल्यावर काचेच्या स्वच्छ बरणीत भरून फ्रिजमध्येच ठेवा आणि ओला चमचा घालू नका. बरणीत बारीक बुडबुडे दिसले किंवा झाकण उघडताच आंबूस वास आला, तर यीस्टने साखर खायला सुरुवात केली असं समजून टाकून द्या.

खायचं चक्क्याबरोबर किंवा गोड दह्याबरोबर. पेरूत चार फोडी अननसाच्या घालायच्या असतील तर त्याही पाकात नीट शिजवूनच घाला. कच्च्या अननसातलं ब्रोमेलेन दुधातली प्रथिनं तोडतं आणि थोड्या वेळाने दही कडू लागतं. शिजवल्यावर ते निकामी होतं.