माइक पत्र्याजवळ धरला म्हणजे पत्र्याचं कंपन मोजलं, असं नाही

परळच्या एका इमारतीत एक्झॉस्टच्या डक्टचा पत्रा थरथरत होता. बोट टेकवलं की मुंग्या यायच्या. आमच्या आधी मोजणी करून गेलेल्यांनी माइक पत्र्यापासून सेंटिमीटरभर धरला होता आणि ‘डक्टचं कंपन’ म्हणून आलेख जोडला होता. आलेखात होती खालच्या रस्त्यावरच्या बसची घरघर. हीच चूक पुन्हा पुन्हा पाहून आता खरंच वैताग आलाय.

माइक सगळ्यांच्या ओळखीचा: चहूकडून येणारा दाब मोजतो. पत्र्याजवळ त्याच्याऐवजी वापरता येतो तो कणवेग-सेन्सर: तो हवा पुढेमागे किती वेगानं हलते ते मोजतो. त्यात दोन बारीक तापलेल्या तारा असतात. हवा हलली की दोघींच्या तापमानात फरक पडतो. किंमत, जोडणी वगैरे फरक इथे बाजूला ठेवू.

खरी मेख पृष्ठभागापाशी आहे. बाहेरचा आवाज कठीण भिंतीवर आपटून परततो. येणारी आणि परतणारी लाट एकत्र येऊन तिथे दाब दुप्पट होतो, म्हणजे ६ डेसिबलनं चढतो. पण हवेला भिंतीत शिरायला जागाच नाही, म्हणून तिचा वेग शून्याकडे जातो. भिंत स्वतः थरथरते तेव्हा नेमकं उलटं. तिला लगटलेली हवा तिच्याच वेगानं हलते, पण कमी वारंवारतेला ती कडेनं निसटते आणि दाब फारसा उभा राहत नाही. म्हणजे जिथे माइकला गोंगाट सर्वात जास्त ऐकू येतो, तिथेच कणवेग-सेन्सरला तो सर्वात कमी जाणवतो. १०० हर्ट्झ, समोरून येणारा आवाज, भिंतीपासून १ सेंटिमीटर: हिशेबानं माइक आणि सेन्सर या दोघांत सुमारे ३५ डेसिबलचं अंतर पडतं. पातळ पत्रा बाहेरच्या हॉर्ननं खरोखरच हलला, तर सेन्सर तेही दाखवेल. ते कंपनच आहे.

तारा तापलेल्या असल्यानं वाऱ्याची झुळूक मात्र चालत नाही. पंख्याच्या झोतात वारा अडवणाऱ्या जाळीशिवाय मोजू नका.

आणि कंपन शोधताना ए-वेटिंग, म्हणजे माणसाच्या कानासारखे खालचे सूर कमी मोजणारी गाळणी, बंद ठेवा हो! ५० हर्ट्झला ते ३० डेसिबल कापून टाकतं, आणि पंख्याच्या मोटरची गुणगुण बरेचदा अशाच खालच्या सुरांत असते.

माझी पसंती विचाराल तर जाड भिंतीवर, स्लॅबवर सरळ ॲक्सेलरोमीटर, म्हणजे पृष्ठभागाचं कंपन थेट मोजणारा सेन्सर, चिकटवा. पत्रा इतका पातळ असेल की त्या वजनानंच त्याची थरथर बदलेल, किंवा हात लावता येणार नाही इतका तापलेला असेल, तेव्हा कणवेग-सेन्सर काढा. परळच्या पत्र्याला आम्ही तोच लावला.