ओव्हनचं तापमान कसं चढवायचं, याचं पेटंट मिळतं का?

कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एका ओळखीच्यांची रबर मोल्डिंगची शेड आहे. दोन प्रेस, एक मिल आणि कोपऱ्यात एक ओव्हन. गेल्या पावसाळ्यात तिथं गेलो तेव्हा मालकांनी माझ्या तळहातावर दोन ओ-रिंग, म्हणजे गळती थांबवणाऱ्या रबरी कड्या, ठेवल्या. दोन्ही काळ्या, मापाला सारख्या, पण एक हाताला जड लागत होती. "हलकी ती नायट्राइल, जड ती व्हायटॉन," ते म्हणाले. ही दोन्ही कृत्रिम रबरांची नावं. मग खणातून त्यांनी एक जाड सील काढलं, मधोमध कापलेलं. वरून गुळगुळीत, आत मात्र भेगा आणि बारीक फोड.

"महिनाभर माल असाच फुटत होता. शेवटी ओव्हन एकदम चढवायचं बंद केलं. थांबत थांबत चढवला, आणि भेगा गेल्या. सर, ह्याचं पेटंट मिळंल काय? माल तोच, साचा तोच, फक्त पद्धत आमची हाय."

प्रश्न साधा वाटला, पण त्याचं नीट उत्तर द्यायचं तर आधी त्या जड ओ-रिंगच्या पोटात शिरावं लागतं.

व्हायटॉन हे खरं तर एका कंपनीचं व्यापारी नाव. ड्यूपाँटनं १९५७ साली ते बाजारात आणलं, आणि आपल्याकडे सगळ्याच फ्लोरिनयुक्त रबरांना तेच नाव चिकटलं. या रबराच्या वजनाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग फ्लोरिनचा असतो. हाताला लागणारा जडपणा त्याचाच. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध तोडायला मोलमागे सुमारे ४८५ किलोज्यूल ऊर्जा लागते, तर कार्बन-हायड्रोजनचा बंध सुमारे ४१३ किलोज्यूलमध्ये तुटतो. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील. या मजबूत बंधांमुळे हे रबर २०० अंश सेल्सियसच्या आसपासही टिकून राहतं आणि पेट्रोल, तेल त्याच्यात सहजासहजी शिरत नाही. आपल्या भागाला याची गरज पूर्वीपेक्षा जास्त आहे. जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत इथेनॉल तयार होतं, ते पेट्रोलमध्ये मिसळलं जातं, आणि अशा मिश्रणात साधं नायट्राइल फुगतं. म्हणून इंधनाच्या वाटेवरची सीलं फ्लोरिनच्या रबराची करावी लागतात, ती कित्येक पट महाग असली तरी.

हे रबर झाडाच्या चिकातून येत नाही. दोन वायूंपासून बनतं. व्हिनिलिडिन फ्लोराइड आणि हेक्साफ्लोरोप्रोपिलीन हे ते दोन वायू. बंद भांड्यात पाणी, त्यात थोडा साबण, वर दाबाखाली हे वायू, आणि सुरुवात करून द्यायला परसल्फेटसारखं रसायन. परसल्फेट तुटून रॅडिकल तयार होतात. रॅडिकल म्हणजे ज्याच्या एका इलेक्ट्रॉनला जोडीदार नाही असा अधीर रेणू. तो वायूच्या रेणूला धरतो, तो पुढच्याला, आणि हजारो रेणूंची साखळी होते. साबणामुळे या साखळ्यांचे कण पाण्यात तरंगत राहतात, आणि भांड्यात दुधासारखा पांढरा चीक तयार होतो. त्यात क्षार घातला की दूध नासावं तसा तो फाटतो. चोथा धुवायचा, वाळवायचा, की झालं कच्चं रबर.

पुढचं काम आमच्या मालकांच्या शेडमधलं. मिलवर कच्च्या रबरात कार्बन ब्लॅक, बिस्फेनॉल, मॅग्नेशियम ऑक्साइड आणि चुन्याची पूड मळतात. प्रेसमध्ये १७०-१८० अंशांना काही मिनिटं दाबलं की साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात. जोडणी होताना रबरातून हायड्रोजन फ्लोराइड सुटतो. तो मॅग्नेशियम ऑक्साइड आणि चुना टिपून घेतात, आणि त्या झटापटीत पाणी तयार होतं. मग सील ओव्हनमध्ये २०० ते २३० अंशांना तासन्‌तास ठेवायचं; काही मालाला २४ तास लागतात. याला सगळे पोस्ट क्युअर म्हणतात. जोडणी पुरी होते आणि आत अडकलेलं पाणी, वायू हळूहळू बाहेर पडतात. सील जाड असेल आणि ओव्हन एकदम चढवला, तर आतल्या वाफेला बाहेर यायला सवड मिळत नाही आणि ती रबर फाडते. मालकांना हे कुणी शिकवलं नव्हतं. फुटलेला माल कापून कापून ते तिथवर पोचले होते. (हायड्रोजन फ्लोराइडचा विषय निघालाच आहे, तर एक कळकळीची सूचना: या रबराची कात्रणं आणि फ्लॅश, म्हणजे साच्याबाहेर आलेलं जादा रबर, कधीही जाळू नयेत. जाळल्यावर निघणारा हायड्रोजन फ्लोराइड फुफ्फुसांना आणि हाडांना इजा करतो.)

आता पेटंटकडे येऊ. पद्धतीचं पेटंट मिळतं, आणि भारतात त्याला खास इतिहास आहे. १९७० चा पेटंट कायदा १९७२ साली लागू झाला. त्याच्या कलम ५ नुसार औषधं, अन्न आणि रासायनिक प्रक्रियेनं तयार होणारे पदार्थ यांना पेटंट मिळत नसे. ते बनवण्याच्या पद्धतीला मात्र मिळे. म्हणजे २००४ संपेपर्यंत आपल्याकडे नवीन रबराच्या रेणूवर कुणालाच हक्क सांगता येत नव्हता, सांगायचा तर तो बनवण्याच्या वाटेवर. १ जानेवारी २००५ पासून हे कलम गेलं आणि पदार्थालाही पेटंट मिळू लागलं. पद्धतीचं महत्त्व तरीही कमी झालेलं नाही. पद्धतीचं पेटंट असेल, तर त्याच पद्धतीनं थेट तयार झालेला माल दुसऱ्यानं देशात आणून विकणंही कलम ४८ खाली अडवता येतं.

अर्ज केला म्हणजे पेटंट मिळालं असं नव्हे. कोल्हापूरचा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे, अँटॉप हिलला जातो. १८ महिन्यांनी तो सगळ्या जगाला वाचायला खुला होतो. परीक्षणाची मागणी वेगळी करावी लागते. २०२४ च्या नियमांपासून त्यासाठी ३१ महिन्यांची मुदत आहे, आधी ती ४८ होती. मग परीक्षक पहिला अहवाल पाठवतो आणि उत्तराला ६ महिने मिळतात. पेटंट मिळालंच, तर ते अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं चालतं.

तो परीक्षक अर्जात नेमकं काय पाहतो? हा या सगळ्यातला मला सर्वांत आवडणारा भाग, म्हणून इथं थोडं थांबतो. एक काल्पनिक अर्ज घेऊ.

वर ज्या साबणाचा उल्लेख आला, तोही बरीच वर्षं फ्लोरिनचाच असायचा. त्यातला पीएफओए हा पदार्थ निसर्गात मोडत नाही, शरीरात साठतो. २०१९ साली अशा चिवट रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत तो गेला. त्यामुळे जगभर बिनफ्लोरिनच्या साबणाचा शोध सुरू आहे. समजा, एका कंपनीनं दावा केला: 'आम्ही हे रबर साध्या, बिनफ्लोरिनच्या साबणात बनवतो. फक्त साबण सुरुवातीला न घालता, चिकाचे कण धरू लागल्यावर थोडा थोडा सोडतो.'

परीक्षक जुने कागद काढतो. पहिला कागद एका जुन्या पेटंटचा: तेच वायू, तेच तापमान, पण साबण फ्लोरिनचा. दुसरा कागद फ्लोरिनच्या प्लास्टिकचा: साबण साधा, पण सगळा सुरुवातीलाच ओतलेला. अर्जातली प्रत्येक गोष्ट एकाच कागदात एकत्र सापडली, तर पद्धत नवी नाही आणि विषय तिथंच मिटला. इथं तशी सापडत नाही, म्हणजे पद्धत नवी आहे.

पण नवी असणं पुरेसं नाही. परीक्षक आता एका कल्पित माणसाला समोर बसवतो. कायद्यात त्याला त्या विषयातला जाणकार म्हटलंय. त्याला सगळे जुने कागद माहीत आहेत, हात कसबी आहेत, पण त्याला काही वेगळं सुचत नाही. या माणसानं दोन्ही कागद शेजारी ठेवले असते, तर त्याला ही युक्ती सहज सुचली असती का?

आता ते दोन आकडे आठवा. साध्या साबणात कार्बन-हायड्रोजनचे बंध असतात, आणि ते तुलनेनं कमजोर. वाढणारी साखळी तिच्या टोकाच्या अधीर रॅडिकलनं साबणाचा हायड्रोजन ओढून घेते आणि तिथंच थांबते. साखळ्या आखूड राहतात, काम रेंगाळतं. जाणकाराला हे माहीत असतं, म्हणून तो साध्या साबणाच्या वाटेला जायला कचरला असता. ज्या वाटेनं जाऊ नये असं जुनं ज्ञान सांगतं, त्याच वाटेनं जाऊन कुणी पोचला, तर ती कल्पकता भक्कम धरली जाते. साबण उशिरा सोडण्यानं ही अडचण टळत असेल, तर अर्जात दम आहे.

असेल, तर. परीक्षक पुरावा मागतो. साबण सुरुवातीला घातला तेव्हा काय झालं, उशिरा घातला तेव्हा काय झालं, हे त्याच यंत्रावर, बाकी काही न बदलता करून दाखवलंय का? अशा हरलेल्या प्रयोगांना तुलनेची उदाहरणं म्हणतात, आणि अनेक अर्ज त्यांच्याअभावीच लटकतात. जिंकलेला प्रयोग सगळेच लिहितात. शिवाय कंपनीनं दावा केलाय ०.०१ ते ५ टक्के साबणाचा, आणि उदाहरणं सगळी ०.१ टक्क्याची. मग ५ टक्क्यांनाही हेच होतं कशावरून? इथं दावा आखडता घ्यावा लागतो. आणि आखडताना मूळ अर्जात नसलेली ओळ आत घालता येत नाही. कलम ५९ त्याला परवानगी देत नाही. पहिल्या दिवशी जे लिहिलं नाही, ते पुढे कामाला येत नाही.

पद्धतीच्या वाटेत आणखी एक धोंडा असतो, कलम ३(ड). हे कलम औषधांच्या खटल्यांमुळे गाजलं, पण त्याच्या शेवटच्या ओळी पद्धतींबद्दल आहेत. माहीत असलेली प्रक्रिया नुसती वापरणं हा शोध नव्हे. तिच्यातून नवीन पदार्थ तरी निघाला पाहिजे, नाहीतर तिच्यात निदान एक नवीन अभिकारक, म्हणजे प्रक्रियेत भाग घेणारं रसायन, तरी लागला पाहिजे.

लेथवर काम करणाऱ्यांनी तर सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा एक निकाल जरूर माहीत करून घ्यावा. मिर्झापूरच्या एका भांडी बनवणाऱ्या फर्मनं लेथवर भांडं पकडायच्या साधनाचं पेटंट १९५१ साली घेतलं होतं. न्यायालयानं ते टिकू दिलं नाही. नुसती कारखान्यातली सुधारणा पुरेशी नाही, तिच्यात त्याहून जास्त काही हवं, असा दंडक त्या निकालानं घालून दिला. शेतीपंपाच्या ऑइल इंजिनांवर वाढलेल्या आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात तशा सुधारणा रोज होतात, आणि त्यांच्यावरच कारखाने चालतात. त्यांची किंमत कमी नाही. फक्त त्यांतल्या बहुतेक पेटंटच्या उंबऱ्याच्या अलीकडे राहतात.

रबराच्याच इतिहासातली एक गोष्ट आणखी सांगतो, कारण ती आपल्याकडे रोज घडते. गंधक घालून रबर तापवलं की ते टिकाऊ होतं, हे चार्ल्स गुडइयरला १८३९ साली अमेरिकेत सापडलं. त्याच्या रबराचे तुकडे इंग्लंडला गेले आणि थॉमस हॅनकॉकच्या हाती पडले. हॅनकॉकनं स्वतः खटपट करून तीच प्रक्रिया बसवली आणि १८४३ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडात अर्ज टाकला. गुडइयरचा तिथला अर्ज काही आठवड्यांनी आला, आणि इंग्लंडचं पेटंट त्याला कायमचं गमवावं लागलं. आपल्याकडेही सॅम्पल आधी गिऱ्हाइकाकडे जातं, पद्धत फोनवर सांगितली जाते, आणि अर्जाचा विचार वर्षभरानं होतो. तोवर नावीन्यच संपलेलं असू शकतं. खर्चाची भीती मात्र अनेकांना असते त्याहून कमी आहे: छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची मूळ फी १,६०० रुपये आणि परीक्षणाची ४,००० रुपये आहे. वकिलाचा किंवा एजंटचा खर्च वेगळा.

मालकांच्या ओव्हनचं काय झालं, ते सांगायला मला त्यांच्या शेडवर पुन्हा जावं लागलं, आणि जाताना पाय जड झाले होते. जाड मालासाठी पोस्ट क्युअर टप्प्याटप्प्यानं चढवावा, हे कच्चं रबर पुरवणाऱ्यांच्या मार्गदर्शिकांत पूर्वीपासून छापलेलं आहे. त्यांनी स्वतःच्या बुद्धीनं शोधलं होतं, पण जगात ते आधीच होतं. परीक्षकानं पहिल्याच अहवालात तो कागद समोर ठेवला असता. मी छापील पान दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, तापमानाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "आमच्यापेक्षा एक टप्पा जास्त हाय की ह्यांचा." पुढच्या बॅचला तो टप्पा घालायचा हे त्यांनी तिथंच ठरवलं.

मग मी तुलनेच्या उदाहरणांबद्दल बोललो. चुन्याचं प्रमाण बदलून एका गिऱ्हाइकासाठी त्यांनी काहीतरी वेगळं केलंय; ते इथं लिहिणार नाही, कारण त्यांनी अजून अर्ज केलेला नाही. "फुटलेला माल कुठाय?" मी विचारलं. तो त्यांनी भंगारात घातला होता. परवा गेलो तेव्हा ओव्हनशेजारी पत्र्याचा एक डबा दिसला. आत मधोमध कापलेली सीलं, आणि प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी: बॅच नंबर, चुन्याचं वजन, तापमान, तास.